सुतावरून स्वर्ग

‘गामा किरण’ म्हटलं की आपल्या कॉलेजातल्या बहुतेकांना दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे बारावीच्या फिजिक्समधला तो ‘अल्फा, बीटा, गामा’वाला धडा आणि दुसरी म्हणजे गामा किरण अंगात शिरल्यामुळे हिरवागार होऊन गाड्या उचलून फेकणारा हल्क. सेमिनारचा विषय शोधायला लायब्ररीत बसलो तेव्हा माझंही ज्ञान याच्या फार पुढे नव्हतं. विषय हवा होता इलेक्ट्रॉनिक्सचा. पण मासिकं चाळताना एका फोटोवर नजर अडकली. निलगिरीच्या डोंगरातली मोकळी जागा आणि तिच्यावर ठराविक अंतराने, शेतात रोपं लावावीत तसे मांडलेले शेकडो डबे. खाली लिहिलं होतं की हे डबे अंतराळातून येणाऱ्या कणांचा आणि गामा किरणांचा शोध घेतात. ना भिंग, ना आरसा, ना आकाशाकडे वळवायची नळी!

फोटो बघून मला तीन प्रश्न पडले. पहिला, गामा किरण तर वातावरणातच अडतात असं आपण शिकलोय, मग ते जमिनीवरून दिसणार कसे? दुसरा, डबे जागचे हलत नाहीत, मग किरण कुठल्या दिशेने आला हे कळणार कसं? आणि तिसरा, आकाशातून इतर कणही अखंड पडत असतात, मग आलेला पाहुणा गामाच होता कशावरून?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तशी लवकर सापडली. तिसऱ्याने मात्र घाम फोडला. पुढे कळलं की या प्रश्नाने माझाच नाही, तर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचाही घाम काढलेला आहे.

डासाच्या ताकदीचा फोटॉन

आधी ऊर्जेचा अंदाज घेऊ. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा असते दोन ते तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट. दवाखान्यातल्या एक्स-रेची दहा हजारांपासून लाखाच्या आसपासपर्यंत. बारावीच्या धड्यातल्या कोबाल्टमधून निघणाऱ्या गामाची बारा-तेरा लाख. आणि या लेखातल्या गामा किरणांची? टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एकावर बारा शून्ये, आणि तिथून पुढे पेटा इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एकावर पंधरा शून्ये!

एक टेरा इलेक्ट्रॉन व्होल्ट म्हणजे साधारणपणे उडणाऱ्या डासाची गतिज ऊर्जा. ‘एवढंच?’ असं वाटेल. पण डासाच्या अंगात अगणित अणू असतात आणि इथे ती सगळी ऊर्जा एकट्या फोटॉनकडे असते.

कुठलीही वस्तू नुसती तापवून असे फोटॉन निघत नाहीत. त्यासाठी विद्युतभारित कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रणा लागते. फुटलेल्या ताऱ्याचे अवशेष, गरगर फिरणारे पल्सार, कृष्णविवरांतून निघणारे झोत ही ती निसर्गाची यंत्रं. व्हिक्टर हेस यांनी १९१२ मध्ये बलूनमधून पाच किलोमीटरच्या वर जाऊन वैश्विक किरणांचा शोध लावला. हे किरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आणि इतर अणुकेंद्रकं. ते नेमके कुठे तयार होतात हा प्रश्न तेव्हापासून, म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ, शास्त्रज्ञांना छळतो आहे. अडचण अशी की प्रोटॉनवर विद्युतभार असतो आणि आकाशगंगेतली चुंबकीय क्षेत्रं त्याला वाटेत वळवत राहतात. आपल्याकडे पोहोचेपर्यंत पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता पुसला गेलेला असतो. गामा किरणावर भारच नसल्याने तो सरळ रेषेत येतो. त्याचा पत्ता शाबूत असतो. म्हणून एवढी धडपड.

मग उपग्रह पाठवून का पकडत नाहीत? पाठवलेत की. २००८ मध्ये सोडलेल्या फर्मी उपग्रहाने गामा आकाशाचा नकाशाच काढला. पण त्याच्या डिटेक्टरचं प्रभावी क्षेत्रफळ आहे एक चौरस मीटरच्या आसपास. आता वृषभ राशीतल्या क्रॅब तेजोमेघाचा हिशोब करू. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी नोंदवलेल्या ताऱ्याच्या स्फोटाचा हा अवशेष, आपल्यापासून सुमारे ६,५०० प्रकाशवर्षांवर आहे आणि या क्षेत्रातला सर्वात भरवशाचा स्रोत मानला जातो. त्याच्याकडून येणारे एक टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरचे फोटॉन एका चौरस मीटरवर वर्षभरात येतात साधारण सहा-सात! पेटाच्या घरात तर एका चौरस किलोमीटरवर वर्षाला एखाद-दुसरा. एवढ्या आकाराचा डिटेक्टर कुठल्या रॉकेटवर चढवणार?

हवाच डिटेक्टर

इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर येतं. गामा किरण वातावरणात अडतो हे खरं, पण तो गुपचूप अडत नाही.

आपल्या डोक्यावरच्या सगळ्या हवेचं वजन सुमारे दहा मीटर खोल पाण्याएवढं आहे. या हवेत शिरलेला टेरा ऊर्जेचा फोटॉन वीसेक किलोमीटर उंचीवर एखाद्या अणुकेंद्रकाजवळ एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण करतो आणि स्वतः नाहीसा होतो. ही जोडी पुढे जाताना नवे गामा फोटॉन सोडते. त्या फोटॉनपासून पुन्हा जोड्या. बुद्धिबळाच्या पटावर प्रत्येक घरात तांदळाचे दाणे दुप्पट करत जाण्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, तोच हा प्रकार. फरक एवढाच की इथे दाणे वाढतात तशी प्रत्येक दाण्याच्या वाट्याची ऊर्जा निम्मी होत जाते. ती साधारण साडेआठ कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली गेली की वाढ थांबते. ढोबळ गणित करून बघा. एक टेरापासून तिथवर यायला तेरा-चौदा दुप्पटी होतात आणि एक पेटापासून तेवीस-चोवीस. म्हणजे दहा हजारांच्या आसपास कण विरुद्ध एक कोटीच्या आसपास कण. प्रत्यक्षात आकडे यापेक्षा कमी भरतात, पण अंदाज यावा म्हणून हे पुरेसं आहे.

या कणांच्या सरीला ‘एअर शॉवर’ म्हणतात. पियर ओझे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३८ च्या सुमारास, एकमेकांपासून दूर ठेवलेले डिटेक्टर एकाच क्षणी वाजतात हे पाहून ती ओळखली. शेकडो मीटर रुंद आणि जेमतेम मीटर-दोन मीटर जाड अशी कणांची एक पातळ परात प्रकाशाच्या वेगाने खाली येत असते. म्हणजे शेकडो मीटरवर कुठेही आपला डबा असला तरी त्याला सुगावा लागतो. उपग्रहाला एक चौरस मीटर मिळतो आणि जमिनीवरच्या यंत्राला हवेच्या कृपेने हजारो चौरस मीटर मिळतात. जी हवा आपल्या आड येते, तीच आपला डिटेक्टर बनते.

कचऱ्याच्या डब्यातून आकाश

या सरीतून माहिती काढायचे दोन मार्ग आहेत. एक, तिच्यामुळे होणारा प्रकाश पकडायचा. दोन, खाली पोहोचलेले कण पकडायचे.

आधी प्रकाश. हवेत प्रकाशाचा वेग निर्वातातल्यापेक्षा सुमारे ०.०३ टक्क्याने कमी असतो. सरीतले इलेक्ट्रॉन त्याहून जोरात धावतात. विमान आवाजाच्या पुढे गेलं की जसा धडाका होतो, तसा इथे निळसर प्रकाशाचा ‘धडाका’ होतो. हाच चेरेंकोव्ह प्रकाश. पाव्हेल चेरेंकोव्ह यांनी तो १९३४ मध्ये द्रवांमध्ये पाहिला आणि १९५८ मध्ये फ्रँक आणि टॅम यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. हवेतही असा प्रकाश पडत असणार हे ब्लॅकेट यांनी १९४८ मध्ये सुचवलं होतं. गॅलब्रेथ आणि जेली या दोघांनी इंग्लंडमधल्या हारवेल इथे १९५२-५३ मध्ये तो प्रत्यक्ष पकडला. त्यांची दुर्बीण काय होती माहीत आहे? कचऱ्याचा डबा! आतून काळा रंगवलेला डबा, तळाशी २५ सेंटिमीटरचा आरसा आणि आरशाच्या नाभीवर एक फोटोमल्टिप्लायर ट्यूब. आपल्या प्रोजेक्टला बजेट नाही म्हणून रडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

एका टेरा फोटॉनमुळे जमिनीवर सुमारे १२० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात हा प्रकाश पसरतो. दोनेक किलोमीटर उंचीच्या डोंगरावर दर चौरस मीटरला शंभरेक फोटॉन मिळतात आणि तेही फक्त काही नॅनोसेकंदांत. आता कुणी म्हणेल, रात्रीच्या आकाशातही प्रकाश असतोच की, त्यात हे शंभर फोटॉन ओळखू कसे येणार? गंमत इथेच आहे. ताऱ्यांचा प्रकाश संथपणे येत असतो. तुम्ही दरवाजा फक्त दहा नॅनोसेकंद उघडलात तर त्यातला फारच थोडा आत येतो, पण चेरेंकोव्हचा झोत मात्र सगळाच्या सगळा येतो. म्हणजे सिग्नल वाढवायचा नाही, वेळेची खिडकी अरुंद करायची. सिग्नल-टू-नॉईज रेशो सुधारण्याचं इतकं सुंदर उदाहरण मला टेक्स्टबुकात मिळालं नव्हतं.

भारतात या कामाची परंपरा जुनी आहे आणि त्यात आपल्या मुंबईचा वाटा मोठा आहे. कुलाब्याच्या टीआयएफआरच्या मंडळींनी आधी उटीला आणि नंतर सातपुड्यात पचमढीला आरसे लावून आकाश न्याहाळलं. पचमढीच्या ‘पॅक्ट’ प्रयोगात २५ दुर्बिणी होत्या. प्रत्येकीत सात आरसे. पुढे लडाखमध्ये हानले इथे ४,२७० मीटर उंचीवर ‘हगार’ उभं राहिलं. षटकोनाच्या सहा टोकांवर सहा आणि मध्ये एक, अशा सात दुर्बिणी. २००८ पासून ती सगळी रांग कामाला लागली. तिकडे तुर्भ्याच्या बीएआरसीने माउंट अबूला ‘टॅक्टिक’ चालवली आणि मग हानलेलाच ‘मेस’ ही अवाढव्य दुर्बीण बांधली. तिच्या आरशाचा व्यास २१ मीटर आहे आणि तो ३५६ तुकडे जोडून बनवलेला आहे. कॅमेऱ्यात १,०८८ फोटोमल्टिप्लायर ट्यूब आहेत. ४ ऑक्टोबर २०२४ ला तिचं उद्घाटन झालं. आशियातली ही अशा प्रकारची सर्वात मोठी दुर्बीण.

हानलेच का? हवा कोरडी, आकाश काळंकुट्ट आणि उंचीमुळे आपण सरीच्या जास्त जवळ. पण या पद्धतीची मर्यादाही ओघाने आलीच. रात्र हवी, चंद्र शक्यतो नको, ढग तर नकोतच. वर्षातले जेमतेम दहा टक्के तास हाती लागतात.

आधी कोण भिजलं?

दुसरा मार्ग म्हणजे कणच पकडायचे. माझ्या फोटोतले डबे या जातीचे. उटीजवळ २,२०० मीटर उंचीवर टीआयएफआर आणि तिचे भारतीय-जपानी सहकारी ‘ग्रेप्स-३’ हा प्रयोग चालवतात. त्यात सुमारे ४०० सिंटिलेटर डिटेक्टर आठ-आठ मीटरवर मांडलेले आहेत. सगळा पसारा २५,००० चौरस मीटरचा. डब्यात सिंटिलेटर प्लास्टिकची लादी असते. तिच्यातून कण गेला की किंचित प्रकाश चमकतो, फोटोमल्टिप्लायर ट्यूब त्याचा विद्युत स्पंद बनवते आणि केबलमधून तो कंट्रोल रूममध्ये जातो. डबा बंद असल्याने दिवस-रात्र, ऊन-पाऊस काहीही असो, काम चालू.

आता दुसरा प्रश्न. न हलणाऱ्या डब्यांना दिशा कशी कळते? पावसाळ्यात ग्राउंडवर क्रिकेट खेळताना लांबून सर येते तेव्हा काय होतं आठवा. आधी बाउंड्रीवरचा भिजतो, मग बोलर आणि शेवटी कीपर. कोण आधी भिजलं ते कळलं की सर कुठून आली ते कळतं. इथेही तेच. परात सरळ डोक्यावरून आली तर सगळे डबे एकाच क्षणी वाजतात. तिरकी आली तर एका बाजूचे आधी.

थोडं गणित करू. परात उभ्या रेषेपासून ३० अंशांनी कललेली असेल, तर आठ मीटर अंतरावरच्या दोन डब्यांमध्ये तिला चार मीटर जास्त चालावं लागतं. प्रकाशाच्या वेगाने त्याला लागतात सुमारे १३ नॅनोसेकंद. आणि एकच अंश कललेली असेल तर? मग फरक फक्त १४ सेंटिमीटरचा, म्हणजे अर्ध्या नॅनोसेकंदाहूनही कमी. पण हेच दोन डबे एकमेकांपासून १०० मीटरवर घेतले तर तो फरक जवळजवळ सहा नॅनोसेकंद होतो आणि आरामात मोजता येतो. शिवाय डबे शेकडो असल्याने एखाद्याची चूक बाकीचे सांभाळून घेतात. म्हणून डबा कितीही भारी घेतला तरी एकट्या डब्याला दिशा सांगता येत नाही. दिशा रांगेला कळते.

इथे आपल्या प्रॅक्टिकलमध्ये ज्याकडे कुणी लक्ष देत नाही ती केबल अचानक व्हीआयपी होते. कोॲक्सियल केबलमधून एक मीटर जायला सिग्नलला साधारण पाच नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एखादी केबल मीटरभर जास्त लांब निघाली आणि तुम्ही ते हिशोबात धरलं नाही, तर आकाशातला पत्ताच चुकला. उन्हाने केबल तापली की हा वेळ किंचित बदलतो, तेही सांभाळायचं. कॅलिब्रेशन या शब्दाचा खरा अर्थ मला इथे समजला.

गामाच कशावरून?

आता तिसरा प्रश्न, आणि तोच मुख्य. आकाशातून येणाऱ्या प्रत्येक गामामागे हजारापेक्षा जास्त प्रोटॉन येतात आणि त्यांचीही अशीच सर पडते. तेही डबे वाजवतात, त्यांचाही चेरेंकोव्ह प्रकाश पडतो. म्हणजे गव्हाच्या पोत्यात चार दाणे बासमतीचे आहेत आणि तेवढेच निवडायचे आहेत. बरं, दाणे दिसायलाही जवळपास सारखेच!

निवडायचे दोन उपाय आहेत. पहिला प्रकाशवाल्यांचा. गामाची सर नीटनेटकी असते, त्यामुळे कॅमेऱ्यात तिची प्रतिमा सडपातळ आणि लंबगोल उमटते, आणि तिचं टोक स्रोताकडे रोखलेलं असतं. प्रोटॉनची सर फुटून फाटून पसरते, तिची प्रतिमा वेडीवाकडी येते. मायकेल हिलास यांनी १९८५ मध्ये या प्रतिमांची लांबी-रुंदी मोजून भेद करायची पद्धत मांडली. ॲरिझोनातल्या व्हिपल वेधशाळेचा दहा मीटरचा आरसा १९६८ पासून उभा होता, पण कुठल्याही स्रोताची निर्विवाद खात्री देता येत नव्हती. ट्रेव्हर वीक्स आणि सहकाऱ्यांनी ३७ पिक्सेलचा कॅमेरा आणि ही नवी पद्धत वापरली आणि १९८९ मध्ये क्रॅब तेजोमेघ खात्रीने दिसला. तोच आरसा, तेच आकाश. एकवीस वर्षांनी निकाल लागला तो निवडायची चाळणी सापडली म्हणून.

दुसरा उपाय कणवाल्यांचा. प्रोटॉन हवेतल्या अणुकेंद्रकावर आपटला की पायॉन नावाचे कण बाहेर पडतात आणि त्यांच्यापासून म्युऑन तयार होतात. गामाच्या सरीत मात्र म्युऑन जवळजवळ नसतातच. म्युऑन म्हणजे चिवट प्राणी. इलेक्ट्रॉन काँक्रीटमध्ये अडतो, म्युऑन आरपार जातो. म्हणून ग्रेप्स-३ मध्ये दोन मीटरहून जाड काँक्रीटखाली ५६० चौरस मीटरचा वेगळा म्युऑन डिटेक्टर आहे. त्यात सहा मीटर लांबीच्या चौकोनी लोखंडी नळ्यांचे ३,७१२ काउंटर. वर सर पडली आणि खाली म्युऑन वाजले, तर तो बहुतेक प्रोटॉन. वर भरपूर कण आणि खाली सामसूम, तर तो गामाचा उमेदवार.

या म्युऑन मोजणीचा एक अनपेक्षित फायदाही झाला. १ डिसेंबर २०१४ ला उटीवर जोरदार वादळी ढग आला तेव्हा म्युऑनची संख्या सुमारे दोन टक्क्यांनी घटली. ढगातल्या विद्युत क्षेत्रामुळे हे घडलं. त्या घटीवरून उलटं गणित मांडून ढगातला विभवांतर निघाला सुमारे १३० कोटी व्होल्ट. हा निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निघाले होते ताऱ्यांचा शोध घ्यायला आणि मोजला ढग!

हंसाची हुलकावणी

ही निवड एवढी महत्त्वाची का, ते एका गोष्टीवरून कळतं.

१९८३ मध्ये जर्मनीतल्या कील इथल्या डिटेक्टर रांगेवर काम करणाऱ्या साम्‌ोर्स्की आणि श्टाम यांनी जाहीर केलं की हंस तारकासमूहातल्या ‘सिग्नस एक्स-३’ या जोडताऱ्याकडून पेटा ऊर्जेचे गामा किरण येत आहेत. एकच खळबळ उडाली. हा जोडतारा ४.८ तासांत एक फेरी पूर्ण करतो आणि कीलच्या सरीही त्याच तालावर आल्यासारख्या दिसत होत्या. लवकरच इतर गटांनीही तसेच दावे केले. वैश्विक किरणांचं जन्मस्थान सापडलं असं वाटायला लागलं.

पण एक काटा सलत होता. कीलच्या या सरींमध्ये म्युऑन होते आणि तेही प्रोटॉनच्या सरींइतके. गामाच्या सरीत इतके म्युऑन कसे? काही सिद्धांतवाल्यांनी तर एखादा नवाच कण असेल अशी शक्यता मांडली.

याचा सोक्षमोक्ष लावायचा तर मोठी रांग हवी. नोबेल विजेते जेम्स क्रोनिन यांच्या पुढाकाराने अमेरिकेत युटाच्या वाळवंटात ‘कासा-मिया’ उभारण्यात आलं. ३३ ओळी, प्रत्येक ओळीत ३३ डबे, असे १,०८९ आणि जमिनीखाली १,०२४ म्युऑन काउंटर. १९९० च्या दशकात अनेक वर्षं त्यांनी मोजणी केली. कीलचा आकडा बरोबर असता तर इथे सिग्नल धो-धो दिसायला हवा होता. दिसलं काहीच नाही.

आपल्याकडे सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणतात ते हे. सूत हातात असणं वाईट नाही, सगळं विज्ञान तसंच चालतं. पण आलेल्या थोड्या सरींपैकी गामा किती आणि प्रोटॉन किती हे ठामपणे सांगता येत नसेल, तर स्वर्ग गाठला की नुसता भास झाला हे कळायला मार्ग नसतो. आकडा किती ‘सिग्मा’चा आहे यापेक्षा चाळणी किती बारीक आहे हे आधी विचारावं, हा धडा या क्षेत्राने कीलनंतर घेतला.

आणि मग खरा फोटॉन

या धड्याचं फळ चीनमध्ये दिसलं. सिचुआन प्रांतात दाओचेंगजवळ ४,४१० मीटर उंचीवर ‘लासो’ नावाची वेधशाळा आहे. १.३ चौरस किलोमीटरवर पाच हजारांहून जास्त सिंटिलेटर डबे पंधरा-पंधरा मीटरवर आणि त्यांच्यामध्ये मातीखाली पुरलेल्या पाण्याच्या १,१८८ टाक्या. या टाक्या म्हणजे म्युऑन डिटेक्टर. वरची माती इलेक्ट्रॉन अडवते आणि पाण्यात उतरलेला म्युऑन चेरेंकोव्ह प्रकाश पाडतो. शिवाय मधोमध ७८,००० चौरस मीटरचे पाण्याचे तलाव आहेत ते वेगळेच. इतक्या डब्यांची घड्याळं एका नॅनोसेकंदाच्या आत जुळवायला त्यांनी ‘व्हाइट रॅबिट’ ही पद्धत वापरली. ती मुळात सर्नमध्ये विकसित झाली. फायबरवरून घड्याळाचा सिग्नल पाठवायचा, तो परत यायला किती वेळ लागला ते सतत मोजायचं आणि त्याप्रमाणे दुरुस्ती करत राहायचं.

शंभर टेरा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर लासोची चाळणी एवढी बारीक होते की दहा हजार प्रोटॉन सरींमागे एखादीच चुकून गाळणीतून निसटते. २०२१ मध्ये त्यांनी १२ स्रोतांकडून शंभर टेराच्या वरचे ५३० हून जास्त फोटॉन आल्याचं प्रसिद्ध केलं. त्यातला सर्वात ताकदवान १.४ पेटा इलेक्ट्रॉन व्होल्टचा होता आणि तो आला होता हंस तारकासमूहाच्याच दिशेने, जिथे तरुण आणि प्रचंड तारे दाटीवाटीने जन्माला येतात त्या भागातून. पुढच्या वर्षी, ९ ऑक्टोबर २०२२ ला झालेल्या एका महाप्रचंड गामा स्फोटाचे ६० हजारांहून जास्त फोटॉन लासोच्या तलावांनी टिपले. योगायोगाने स्फोट झाला तेव्हा तो भाग त्यांच्या डोक्यावर होता. रोखून बघावं लागणारी दुर्बीण वळेपर्यंत असा खेळ संपलेला असतो. डबे मात्र चोवीस तास जागे असतात.

हंसाकडे बोट दाखवणारे १९८३ चे लोक आणि २०२१ चे लोक, दोघांचंही बोट आकाशाच्या एकाच भागाकडे होतं. पहिल्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही आणि दुसऱ्यांवर ठेवतात, याचं कारण त्या मातीखाली पुरलेल्या टाक्या. गामा ‘पकडण्या’साठी त्यांचा काडीचा उपयोग नाही. गामा आला तर त्या गप्प बसतात. त्या गप्प बसल्या हीच साक्ष.

यात आपलं काय?

सेमिनारनंतर मित्रांनी विचारलं, ‘या सगळ्याचा उपयोग काय? कॅम्पसला कुणी विचारणार आहे का?’ कॅम्पसचं माहीत नाही. पण एवढं नक्की सांगतो की यातलं निम्म्याहून जास्त काम आपल्या शाखांचं आहे. हानलेच्या थंडीत आणि वाऱ्यात २१ मीटरचा आरसा वाकडा न होता फिरवायचा हे मेकॅनिकलवाल्यांचं काम. टाक्यांवर मातीचा भार पेलणारी छतं सिव्हिलची. नॅनोसेकंद आमचे, म्हणजे ई ॲण्ड टीसीचे. आणि उटीच्या काँक्रीटखालून दिवसाला येणारे सुमारे ४०० कोटी म्युऑन मोजून, साठवून, त्यातून कामाचं तेवढं वेचायचं हे कॉम्प्युटरवाल्यांचं. परग्रहावरची वाटावी अशी ही उपकरणं जवळून पाहिली तर त्यात कोॲक्सियल केबल, ॲम्प्लिफायर, डिस्क्रिमिनेटर आणि काउंटरच निघतात. तेच, ज्यांच्या जर्नल्स आपण सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांची बघून लिहितो.

जाता जाता एक सुचवतो. आपली आय.व्ही. बहुतेकदा बंगळूर-म्हैसूर-उटी अशीच जाते. कंपनी एका दिवसात उरकते आणि उरलेले दिवस बोटिंग, बोटॅनिकल गार्डन आणि चॉकलेट खरेदीत जातात. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी आधीच पत्र पाठवून, रीतसर परवानगी काढून अर्धा दिवस ग्रेप्स-३ साठी ठेवावा. बघण्यासारखं फार नाही. डोंगर, धुकं आणि रांगेत बसलेले डबे. पण त्यांच्यामध्ये उभं राहिलात की तुमच्याही अंगातून दर सेकंदाला कितीतरी म्युऑन आरपार जात असतात, आणि शेजारचे डबे ते मोजत असतात.